कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव

आमच्या राळेगावात कापूस घरात आला की, माणसं पेपर बाजारभावाच्या पानापासून वाचायला लागतात. बाजार समितीचं नाव, आवक, किमान भाव, कमाल भाव आणि शेवटी सर्वसाधारण भाव. कमाल भाव वाचून गाडी भरणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. तो भाव एखाद्या-दुसऱ्या गाडीला मिळाला असणार, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याची नजर थेट सर्वसाधारण भावावर जाते.

पण हाच जाणता माणूस लेकीसाठी इंजिनिअरिंगचं कॉलेज शोधायला निघाला की, कमाल भावावर भुलतो. गेल्या उन्हाळ्यात एक ओळखीचे शेतकरी कॉलेजांची तीन माहितीपत्रकं घेऊन माझ्याकडे आले. मुलीला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं होतं. म्हणाले, "भाऊ, तुमी लिवता-वाचता. यातलं कोन्तं बरं हाय, सांगा."

तिन्ही पत्रकांवर मोठ्या अक्षरांत सर्वोच्च पॅकेज छापलेलं होतं. एकावर चाळीस लाख, दुसऱ्यावर अठ्ठावीस, तिसऱ्यावर बारा. त्यांचा जीव चाळीस लाखांत अडकला होता. तिथं जागा मिळत होती ती व्यवस्थापन कोट्यातून आणि त्यासाठी दोन एकर विकायची त्यांची तयारी होती. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही. पण दोन एकर म्हणजे काय, ते कळतं. म्हणून आम्ही दोघं हिशेबाला बसलो.

आम्ही कवी अतिशयोक्ती करतो. पण तिला उघडपणे अलंकार म्हणतो. माहितीपत्रकात तिलाच 'सर्वोच्च पॅकेज' म्हणतात. तो आकडा खोटा असतोच असं नाही. तो फक्त एकट्याचा असतो.

त्याखाली 'सरासरी पॅकेज' दिलेलं असतं. तेही जपून वाचावं. समजा, वर्गात दहा मुलं आहेत. नऊ जणांना चार-चार लाखांची नोकरी लागली आणि एकाला चौसष्ट लाखांची. बेरीज झाली शंभर लाख, सरासरी दहा लाख. पण त्या वर्गात दहा लाख मिळवणारा एकही नाही! म्हणून सगळे पगार चढत्या क्रमानं लावून मधोमध येणारा आकडा विचारावा. त्याला मध्यक म्हणतात. इथं तो चार लाख येतो. निम्म्या मुलांचा पगार तेवढा किंवा त्याहून कमी, निम्म्यांचा तेवढा किंवा त्याहून जास्त. आपला सर्वसाधारण भाव तो हाच, असं समजा.

हे मोठ्या ठिकाणीही दिसतं. मुंबईच्या आयआयटीनं २०२३-२४ च्या नोकऱ्यांचा अहवाल दिला. सरासरी पॅकेज २३.५० लाख, मध्यक मात्र १७.९२ लाख. एक कोटीवर गेलेले बावीस जण आणि सगळ्यात कमी पॅकेज ४ लाखांचं. पेपरात मथळे आले ते कोटींचे. याच अहवालात आणखी एक आकडा होता. नोकरीच्या प्रक्रियेत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांनाच तिथून नोकरी मिळाली. म्हणजे भावाबरोबर आवकही पाहावी लागते. वर्गात किती होते आणि किती जणांना नोकरी लागली? काही ठिकाणी एका मुलाला तीन कंपन्यांनी बोलावलं की, तीन नोकऱ्या मोजतात. म्हणून नोकऱ्या किती हे न विचारता मुलं किती, हे विचारावं.

आता 'पॅकेज' या शब्दाकडे पाहू. कंपनीला त्या मुलावर वर्षाकाठी येणारा सगळा खर्च त्यात धरतात. भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर मिळेल-न-मिळेल अशी रक्कमसुद्धा. साडेतीन लाखांना बारानं भागलं तर महिन्याला एकोणतीस हजार येतात. हातात पडतात त्याहून कमी. त्यातून पुण्यातलं खोलीभाडं आणि मेस वजा करा.

हे आकडे मिळतात कुठून? केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणारं कॉलेज किती मुलांना प्रवेश दिला, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली आणि पगाराचा मध्यक किती, हे भरून देतं. ते कुणालाही संकेतस्थळावर पाहता येतं. मात्र त्यात सगळ्या शाखा एकत्र असतात. कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा आकडा कॉलेजातच मागावा लागतो. शिवाय ही माहिती कॉलेजनं स्वतः दिलेली असते आणि पगार असतो पहिल्या नोकरीचा. अमेरिकेत २०१५ पासून सरकारच करांच्या नोंदींवरून, सरकारी मदत घेऊन शिकलेल्यांची प्रवेशानंतर दहा वर्षांची कमाई जाहीर करतं. आपल्याकडे अशी सोय नाही.

शेवटची गोष्ट जिनिंगवाल्याला विचारा. रुईचा उतारा चांगला आला, तर श्रेय यंत्राचं की कापसाचं? नामांकित कॉलेजात मुळात वरच्या पर्सेंटाइलची मुलं जातात. त्यांचा पगार कॉलेजमुळे की त्यांच्यामुळे? स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्या कुवतीच्या मुलांची तुलना केली. एकाच तऱ्हेच्या कॉलेजांत प्रवेश मिळालेले, पण त्यातले काही नामांकित कॉलेजात गेलेले आणि काही साध्या. पुढच्या कमाईत बहुतेकांच्या बाबतीत फारसा फरक आढळला नाही. फरक पडला तो गरीब घरच्या मुलांना. ज्याच्या घरात ओळखीपाळखी नाहीत, त्याला चांगलं कॉलेज अधिक देऊन जातं. म्हणजे आपल्या मुलांसाठी निवड महत्त्वाची आहेच; पण ती सर्वोच्च पॅकेजवरून करायची नाही.

आणि खर्च? २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट एवढीच की, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. हे ऐकून भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी एका कागदावर तीन प्रश्न लिहून घेतले. कॉम्प्युटरच्या वर्गात मुलं किती होती आणि किती लागली? मधला पगार किती? महिन्याला हातात किती? तिन्ही कॉलेजांत ते स्वतः जाऊन आले. चाळीस लाखवाल्यांनी 'फोन करून कळवतो' म्हटलं. तो फोन आला नाही. बारा लाखवाल्यांनी वही काढून दाखवली. मुलीनं केंद्रीभूत फेरीत तेच कॉलेज वर टाकलं आणि तिथंच तिचा नंबर लागला.

तिला काय पगार मिळेल, ते चार वर्षांनी कळेल. ते दोन एकर मात्र अजून भाऊंच्याच नावावर आहेत आणि त्यात पऱ्हाटी उभी आहे.