वैमानिक व्हायचंय? मग थांबायलाही शिका!

मुलांनो, अजिंठ्याला आलात तर सतरा नंबरचं लेणं चुकवू नका. त्याच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर ढगांमधून उडत येणारा इंद्र आणि त्याच्याबरोबरच्या अप्सरा रंगवल्या आहेत. चित्र दीड हजार वर्षांपूर्वीचं, पण त्यांच्या गळ्यातल्या माळा अजून वाऱ्यावर उडताना दिसतात!

यंदाच्या सहलीत ते चित्र बघून परतताना सातवीतली एक मुलगी बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाई, मला पायलट व्हायचंय. जमेल का हो?"

"जमेल की!" मी पटकन म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. लेण्यांच्या पायथ्याशी ते पर्यटकांना रंगीत दगड, स्फटिक विकतात. म्हणाले, "बाई, पोरगी रात्रभर विमानाचंच बोलतेय. पण विमान कंपन्यांचा काही भरवसा आहे का? जेट बंद पडली तेव्हा आमचंही गिऱ्हाईक घटलं होतं. उद्या एवढा खर्च करायचा आणि कंपनीच नाही राहिली तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं. मग मी वाचायला बसले. जे समजलं ते तुम्हालाही सांगते. पालकांनीही वाचावं, बरं का!

परवाना म्हणजे नोकरी नव्हे

आधी चांगली बातमी. आपल्या देशात विमानं वाढत आहेत. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 नवी विमानं मागवली. ती एकदम येत नाहीत, काही वर्षांत हळूहळू येतात. विमान दिवसरात्र उडतं, माणसाला मात्र झोप लागते. म्हणून एका विमानासाठी दोन नव्हे, साधारण डझनभर वैमानिक लागतात. म्हणजे पुढे वैमानिक लागणार, हे नक्की.

पण वाट सोपी नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घ्यायचं. डोळे, कान, हृदय यांची कडक तपासणी असते. (चष्मा असला म्हणून लगेच नाराज होऊ नका. चष्म्याने नीट दिसत असेल तर चालतं.) मग लेखी परीक्षा आणि 200 तासांचं उड्डाण. वयाची 18 वर्षं पूर्ण झाली की व्यावसायिक परवाना मिळू शकतो. हे शिक्षण आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसीला आणि बारामतीला मिळतं. सरकारची मोठी अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहूनही जास्त. शिवाय एखादं मोठं विमान चालवायला शिकायचं तर आणखी काही लाख.

एवढं करून हातात येतो तो परवाना. नोकरी नव्हे! कंपन्या अनुभवी वैमानिकांना आधी घेतात. त्यामुळे परवाना खिशात ठेवून महिनोन्‌महिने थांबलेली मुलंमुली आहेत. त्यांच्या डोक्यावर कर्जही असतं.

राखीव गडी

नोकरी लागली तरी रोज विमान उडवायचं असं नसतं. कबड्डीत राखीव खेळाडू असतात ना? तसे वैमानिकही राखीव असतात. वेळापत्रकात त्या दिवसापुढे उड्डाण लिहिलेलं नसतं, 'स्टँडबाय' लिहिलेलं असतं. म्हणजे घरी थांबायचं, नाहीतर विमानतळावर. फोन वाजला की ठरलेल्या वेळात गणवेश घालून हजर! मावशीकडे लग्न असो की मुलाचं स्नेहसंमेलन, लांब जाता येत नाही. आणि पुष्कळदा दिवसभर फोन वाजतच नाही.

मग हे राखीव कशाला? समजा, दिल्लीला दाट धुकं पडलं आणि विमान पाच तास अडकलं. वैमानिकाने किती तास काम करायचं याला कायद्याने मर्यादा आहे. ती संपली की "थोडंच अंतर राहिलंय, जाऊ दे" असं म्हणता येत नाही. दमलेल्या माणसाच्या हातून चूक होते आणि मागे दीडशे-दोनशे माणसं बसलेली असतात. अशा वेळी राखीव वैमानिक धावून येतात.

राखीव पुरेसे नसले की काय होतं, ते 2025 च्या डिसेंबरात सगळ्या देशाने पाहिलं. वैमानिकांना जास्त विश्रांती मिळावी म्हणून नियम बदलले होते. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली. रात्रीच्या ड्युटीत विमान उतरवण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोन वेळांवर आली. नियम माहीत असूनही इंडिगोची तयारी कमी पडली. 5 डिसेंबरला एका दिवसात त्या कंपनीची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली! नियोजन चुकलं हे कंपनीने स्वतःच मान्य केलं. घरी नुसता थांबलेला वैमानिक किती मोलाचा असतो, ते तेव्हा कळलं.

सातवी 'अ' आणि सातवी 'ब'

आता वडिलांचा प्रश्न. कंपन्यांचं काय?

लहानपणी मी चिकलठाण्याच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभी राहून इंडियन एअरलाइन्सचं विमान पाहिलं होतं. आज त्या नावाचं एकही विमान नाही. ही कंपनी जन्मली तीच विलीनीकरणातून. 1953 साली आठ कंपन्या एकत्र करून ती बनवली गेली. 2007 मध्ये ती एअर इंडियात मिसळली. 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा ही कंपनीही तिच्यात आली.

नाव बदललं तर वैमानिकाचं काय बिघडतं? असं बघा. सातवी 'अ' आणि सातवी 'ब' एकाच वर्गात बसवल्या. दोन्हीकडे हजेरीत एक नंबरचा विद्यार्थी आहे. आता एक नंबर कोणाचा? मॉनिटर कोण? आम्हा शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी असते, तशीच वैमानिकांची असते. सहवैमानिकाचा कॅप्टन कधी होणार, मोठं विमान कोणाला आधी मिळणार, हे त्या यादीवर बरंचसं अवलंबून असतं. दोन याद्या एक झाल्या की कोणी वर जातं, कोणी खाली.

2007 नंतर हाच वाद वर्षानुवर्षं चालला. नवी ड्रीमलायनर विमानं कोणी चालवायची यावरून तो पेटला आणि 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा एक गट 58 दिवस संपावर गेला. विस्ताराच्या वेळी प्रश्न पगाराचा होता. तिथे दरमहा 70 तासांचं वेतन ठरलेलं होतं, ते विलीनीकरणाआधी 40 तासांवर आणलं. 2024 च्या एप्रिलमध्ये वैमानिक नाराज झाले, अनेकांनी रजा टाकल्या आणि उड्डाणं रद्द करावी लागली.

आणि विलीन न होता बुडालेल्याही आहेतच. 2012 मध्ये किंगफिशर, 2019 मध्ये जेट, 2023 मध्ये गो फर्स्ट. जेटचं विमान चिकलठाण्यालाही येत असे. तिच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. त्यांतले पुष्कळजण पुढे दुसऱ्या कंपन्यांत गेले. पण कित्येकांना तिथे यादीच्या तळापासून सुरुवात करावी लागली.

मग मी काय उत्तर दिलं?

हे सगळं मी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना समोर बसवून सांगितलं. काही लपवलं नाही. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचंही सांगितलं. 1985 साली कलकत्त्याहून सिलचरला गेलेल्या एका विमानात कॅप्टन त्या होत्या, सहवैमानिक निवेदिता भसीन होत्या आणि बाकीच्या कर्मचारीही स्त्रियाच होत्या. म्हणजे मुलींना जमतं का, हा प्रश्न तेव्हाच सुटला!

वडिलांना म्हटलं, "दादा, कंपनी राहीलच असं कोणीही सांगू शकत नाही. पण ती विमान चालवायला शिकली तर ते तिच्याकडे राहील. फक्त घर किंवा जमीन गहाण टाकण्याआधी शिष्यवृत्ती, कर्जाचा हप्ता आणि नोकरी लागेपर्यंतची वर्षं यांचा हिशेब कागदावर करा."

मुलीला म्हटलं, "संघाला राखीव गडी असतो, तसा स्वप्नालाही असावा. पायलट नाही झालीस, किंवा मध्येच थांबावं लागलं, तर काय करशील? वहीत लिहून आण."

दुसऱ्या दिवशी तिने वही दाखवली. पहिल्या ओळीत लिहिलं होतं 'पायलट'. दुसऱ्या ओळीत 'विमान दुरुस्त करणारी इंजिनियर'. तिसऱ्या ओळीत 'गणिताची बाई'.

"तिसरं का गं?" मी विचारलं.

"बाई, दोन्हीला गणित लागतंच," ती म्हणाली. "ते तर आत्तापासून शिकता येईल ना!"

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती अपूर्णांकांची उदाहरणं घेऊन माझ्या टेबलापाशी येते. वडील अजून पूर्ण तयार नाहीत. पण परवा भेटले तेव्हा त्यांनीच विचारलं, "बाई, ते बिरसी गोंदियापासून किती लांब आहे हो?"