वहीतले ठिपके

सवय लागते ती आपल्या नकळत. मोडायची वेळ आली की मात्र आपण मोठा संकल्प सोडतो. कुणी एक जानेवारीला, तर आमच्या ख्रिस्ती घरांतून राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो तेव्हा. ‘यंदा कुणावर रागावणार नाही’ असं ठरतं आणि चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न! संकल्प खोटा नसतो, फार मोठा असतो इतकंच.

यावर एक जुनी आणि अगदी व्यवहारी रीत आहे. ती सांगितली संत इग्नेशियस लोयोला यांनी. स्पेनच्या बास्क मुलखातल्या सरदार घराण्यातला हा माणूस. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्यांचा पाय मोडला. अंथरुणात पडल्यापडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा वाचल्या आणि आयुष्याची दिशाच बदलली. पुढं मान्रेसा गावी राहून त्यांनी जी साधना केली, तिच्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक आकाराला आलं. १५४८ मध्ये पोपनी त्याला मान्यता दिली.

या पुस्तकात आत्मपरीक्षणाची एक पद्धत आहे. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताना ठरवायचं की आज एवढंच टाळायचं. दुपारच्या जेवणानंतर आणि पुन्हा रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा हिशेब घ्यायचा. आठवड्याच्या सात दिवसांसाठी कागदावर रेघांच्या सात जोड्या आखायच्या. वरची रेघ दुपारपर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. मग दिवसाची दिवसाशी आणि आठवड्याची आठवड्याशी तुलना करायची. चूक घडताच छातीवर हात ठेवावा, असंही ते सांगतात. चारचौघांत केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही!

श्रोतेहो, मी हा प्रयोग केला. माझ्या आईला अलीकडे कमी ऐकू येतं. आपण काही बोललो की ती विचारते, ‘काय म्हणालास?’ आणि मी म्हणायचो, ‘काही नाही.’ शब्द दोनच, पण त्यांनी माणूस दाराबाहेर राहतो. मी वही घेतली, रेघा आखल्या. पहिल्या रविवारी दुपारपर्यंतच नऊ ठिपके पडले. आपण दिवसातून इतक्या वेळा हे बोलतो, याचा मला पत्ताही नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ठिपके एकदोनवर आले. मी खूश झालो.

मग एका रात्री वही पाहताना लक्षात आलं, की ‘काही नाही’ म्हणायची वेळच येत नव्हती. आईनं विचारणंच सोडून दिलं होतं.

हिशेब चोख होता आणि तरीही चुकला होता. तेव्हा मी पुस्तकाचं पुढचं पान नीट वाचलं. दिवसाच्या सर्वसाधारण परीक्षणाच्या तिथं पाच पायऱ्या आहेत. पहिली, मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार. दुसरी, आपलं पाप ओळखण्यासाठी त्याची कृपा मागणं. हिशेब येतो तिसऱ्या पायरीवर. चौथी क्षमायाचना आणि पाचवी उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. मी थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली होती. आभार मानायला बसलो असतो, तर आधी आईच आठवली असती. ठिपका नंतर.

नुसत्या हिशेबाचा धोका इग्नेशियस यांना चांगला ठाऊक होता. मान्रेसाला असताना जुन्या पापांची उजळणी करता करता ते इतके खचले, की जीव द्यावा असंही त्यांच्या मनात येई. पापनिवेदन केलं तरी काहीतरी राहिलं, ही टोचणी जात नसे. तरीही त्यांनी तपासणी टाकून दिली नाही. त्यांच्या येशूसंघात रोज दोनदा आत्मपरीक्षण करण्याची शिस्त पडली. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, तेही याच संघाचे.

ख्रिस्ती श्रद्धा सवयीच्या बाबतीत नेमकं काय देते? मला वाटतं, ती हिशेब पाहणारा बदलते. वही आपण एकट्यानं पाहिली तर एक तर फुशारकी येते, नाही तर निराशा. ज्यानं आपल्यावर आधीच प्रेम केलं आहे, त्याच्यासमोर ती उघडली तर खरं बोलायची भीती उरत नाही.

वही अजून आहे, पण दोष बदलला. आता जेवताना आईशेजारी बसून आपण होऊन चार गोष्टी सांगायच्या, मोठ्यानं आणि सावकाश. राहून गेलं, की ठिपका. परवा तिनं बऱ्याच दिवसांनी विचारलं, ‘काय म्हणालास?’

मी पुन्हा सांगितलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)