माराकेश ते सहारा : मधला डोंगर विसरू नका
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

टूर कंपनीशिवाय मोरोक्कोला जाता येतं का, हा प्रश्न मला कांदिवलीत सोसायटीच्या कट्ट्यावर हमखास विचारला जातो. येतं. व्हिसा आधी काढायचा आणि युरो किंवा डॉलर बरोबर न्यायचे, कारण तिथले दिरहॅम देशाबाहेर सहसा मिळत नाहीत. फसगत होते ती वेगळीच. नकाशावर माराकेश आणि सहारा शेजारी शेजारी दिसतात!

माराकेश अकराव्या शतकात वसलं. तटबंदीच्या आतली जुनी वस्ती, म्हणजे मदिना, हे नुसतं गल्ल्यांचं जाळं आहे. संध्याकाळी कांदिवली स्टेशनबाहेरच्या बाजारातून वाट काढणाऱ्याने त्या गर्दीला भिऊ नये. कुतुबिया मशिदीचा मनोरा खुणेला धरायचा. ‘पुढे रस्ता बंद आहे’ म्हणत सोबत येणाऱ्या पोरांना हसून नाही म्हणायचं, कारण मागाहून सोबतीचे पैसे मागितले जातात. शहरात छोटी टॅक्सी मीटरवर चालते. परगावी जायला मोठी टॅक्सी. ती आपल्या शेअर रिक्षासारखी, भरल्याशिवाय हलत नाही.

‘दोन दिवसांत वाळवंट’ अशा सहली तिथे जागोजागी विकल्या जातात. पहिल्या खेपेला मीही तशीच घेतली. ती झागोऱ्याला गेली. तिथे वाळवंट आहे, पण वाळूचे ते चित्रातले डोंगर नाहीत. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘एवढी वाळू तर गोराईलाही आहे.’ उंच टेकड्या आहेत मेर्झूगाजवळ, एर्ग शेबी इथे. सुमारे १५० मीटरपर्यंत चढलेल्या. माराकेशपासून अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. सकाळची बस पोचायला जवळजवळ १२ तास घेते.

एवढा वेळ का, तर वाटेत ॲटलास पर्वत आहे. रस्ता तिझी-न-तिश्का खिंडीतून जातो. तिची उंची २,२६० मीटर, आणि आपलं कळसूबाई १,६४६! हिवाळ्यात बर्फ पडून हा घाट कधी कधी बंदही होतो. सहारा कोरडा असण्याचं मोठं कारण म्हणजे त्या पट्ट्यात वरून खाली उतरणारी कोरडी हवा. पण मोरोक्कोच्या बाजूला डोंगराचाही हात आहे. अटलांटिकवरून येणारे ढग अलीकडेच रिते होतात. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं, तोच प्रकार. म्हणून घाट उतरल्यावर देखावा एकदम बदलतो. मात्र बराच वेळ दिसतात ते दगडगोटेच. सहाराचा बहुतेक भाग असा खडकाळच आहे, वाळू थोडी.

तेव्हा जाऊन-येऊन निदान तीन दिवस ठेवा, चार असतील तर उत्तम. मग वाटेत आइत बेनहद्दू हे मातीच्या गढ्यांचं गाव पाहता येतं. १९८७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा, पण रात्रीसाठी स्वेटर हवाच. वाळूत शिरताना मात्र स्थानिक वाटाड्या घ्या, तिथे काटकसर नको. कोरड्या ओढ्यात तंबू ठोकू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या भागात इतका पाऊस झाला, की अर्धशतक कोरडं पडलेलं इरिकी सरोवर भरलं.

आणि मेर्झूगाला उतरल्या उतरल्या परतीच्या बसचं तिकीट काढून ठेवा.