जिताड्याची गाभोळी

बाजारात जिताडा घेताना तुम्ही कल्ला उघडून पाहता, भाव करता, आणि तुकड्या पाडून घेता. हा मासा आला कुठून, हे आपण विचारत नाही. मीही कधी विचारले नव्हते.

एकदा मे महिन्यात लालबागचे एक स्नेही मला गळ टाकायला घेऊन गेले. भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या लाँचने रेवस गाठले आणि तिथून होडीने धरमतरच्या खाडीत शिरलो. अंबा नदी याच खाडीला येऊन मिळते. ओहोटी लागली होती. खारबंदिस्तीच्या उघाडीतून शेतांतले पाणी खाडीत उतरत होते आणि त्याबरोबर बारीक मासळी वाहत येत होती. जिताडा दबा धरून बसतो तो अशाच जागी. नाखवाने जिवंत बोय गळाला लावून दिली. तासभर काही नाही. मग एकदम हिसका! मासा वर आला तसा नाखवा ओरडला, "मास्तर, कल्ल्याला हात नको, कापंल!" जिताड्याच्या कल्ल्याची कड खरोखरच पात्यासारखी असते.

घरी मासा चिरला, तर आत भरगच्च गाभोळी. सगळे खूष झाले. मी मात्र कुतूहल म्हणून पुस्तके काढून बसलो, आणि घास जरा जड झाला.

त्याचे कारण सांगतो. बंगाल्यांची भेटकी ती हीच. जिताडा वाढतो खाडीत, नदीत. पण अंडी घालायला त्याला नदीच्या मुखाशी खारे पाणी लागते. आपल्याकडे हा हंगाम पावसाळ्याचा. पिले उधाणाबरोबर खाजणात शिरतात. पेण-अलिबागकडचे शेतकरी हीच पिले धरून तळ्यांत वाढवतात.

आणखी एक नवल आहे. जिताडा आधी नर असतो. काही वर्षांनी, अंगाने मोठा झाला, की बहुधा मादी होतो. म्हणजे बाजारात ज्या भल्या थोरल्या जिताड्याभोवती गर्दी जमते, ती बहुतेक मादीच! अशी एक मोठी मादी लाखांनी अंडी घालते. लहान तेवढे पाण्यात सोडून मोठे धरले, की आपण न्याय केला असे आपल्याला वाटते. जिताड्याच्या बाबतीत हा न्याय अपुरा पडतो.

शिवाय त्याला गोड्या-खाऱ्या पाण्याची वाट मोकळी हवी. आपली मिठी नदीही माहीमला खाडीलाच मिळते. पण तिच्या पाण्याची दशा तुम्ही गाडीच्या खिडकीतून पाहिली असेलच.

जिताडा खाऊ नका, असे मी कशाला सांगू? मी स्वतः खातो. एवढेच म्हणतो, की पावसाळ्याच्या तोंडावर मध्यम मासा घ्या. गळाला मोठा लागला, तर हौस झाली असे समजून पाण्यात सोडा. माझ्या हातून ते झाले नाही, म्हणून तुम्हाला सांगितले.