निवासी शाळा आणि महासाथ

घरातील एका मुलास ताप आला, तर त्याची झळ चार-पाच माणसांना पोहोचते. निवासी शाळेत मात्र शेकडो मुले एकाच छपराखाली झोपतात, एका पंक्तीस जेवतात आणि एकाच नळावर हात धुतात. तेथे एका मुलाचा ताप हा साऱ्या शाळेचा प्रश्न ठरतो.

जानेवारी १९७८ मध्ये उत्तर इंग्लंडमधील मुलांच्या एका निवासी शाळेत इन्फ्लुएन्झाची साथ आली. शाळेत ७६३ मुले होती. सुमारे पंधरवड्यात त्यांपैकी ५१२ मुलांना अंथरूण धरावे लागले. याच शाळेतील प्रौढ मंडळींपैकी मात्र जवळजवळ कोणी आजारी पडले नाही. कारण त्या जातीचा विषाणू १९५७ पूर्वी प्रचलित होता आणि वडीलधाऱ्यांच्या शरीरास त्याची ओळख होती. मुलांना ती नव्हती. नवा रोग आणि दाटीचे शयनगृह एकत्र आले, की काय घडते हे या घटनेवरून दिसून येते.

शाळा बंद करणे पुरेसे नाही

साथ आली की मुलांना घरी पाठवावे, असा विचार प्रथम मनात येतो. परंतु तो नेहमीच शक्य होत नाही. जवाहर नवोदय विद्यालयांतील नववीची काही मुले एका वर्षासाठी अन्य भाषिक प्रदेशातील विद्यालयात पाठविली जातात. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा अशी तीन हजारांहून अधिक मुले घरापासून दूर अडकून राहिली. मे महिन्यापर्यंत त्यांना स्वगृही पोहोचविण्यात आले. तोवर विद्यालय हेच त्यांचे घर होते. शिवाय, मुलास संसर्ग झालेला असताना घाईने घरी पाठविल्यास रोग वाटेतील प्रवाशांना व गावातील वृद्धांनाही गाठतो. म्हणून प्रत्येक निवासी शाळेची स्वतःची सिद्धता असणे अगत्याचे आहे.

दैनंदिन व्यवस्था

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात मोकळी हवा हे पहिले औषध होय. शयनगृहाच्या समोरासमोरील खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात सर्व खिडक्या लावून घेण्याकडे कल असतो; अशा वेळी ज्या बाजूने पाऊस आत येत नाही ती बाजू व वरचे झरोके तरी उघडे राहतील, हे पाहावे. दोन खाटांत शक्य तितके अंतर असावे. जागा अपुरी असल्यास एका मुलाचे डोके जेथे येते तेथे शेजाऱ्याचे पाय यावेत, अशी उलटसुलट मांडणी करावी. त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

जेवणाच्या पंगती दोन-तीन पाळ्यांत, शक्य झाल्यास ओसरीवर बसवाव्यात. प्रत्येक पाळीत त्याच खोलीतील मुले असावीत, म्हणजे मिसळ कमी होते. टॉवेल, पेला व पांघरूण ज्याचे त्यानेच वापरावे. नळापाशी साबण सदैव असावा. बाहेरून येणारे आचारी, सफाई कामगार व दूधवाले यांची दररोज विचारपूस व्हावी. आजारी कर्मचाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, अशी हमी असेल तरच तो आजार सांगेल.

पहिला ताप

सर्व व्यवस्थेचे मर्म येथे आहे. ताप आल्याचे मूल सांगत नाही. घरी पाठवतील, परीक्षा बुडेल, सोबती दूर सारतील, अशी भीती त्याच्या मनात असते. ते पांघरूण ओढून पडून राहते आणि तेवढ्या अवधीत शेजारच्या खाटांना बाधा होते. म्हणून आजार हा अपराध नव्हे, हे मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी वारंवार सांगावे आणि तसे वागूनही दाखवावे. गृहपालांनी रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी जाऊन चौकशी करावी व ताप, खोकला, घसादुखी यांची वहीत नोंद ठेवावी. एकाच दालनात दोन-तीन नोंदी दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.

आजारी मुलासाठी हवेशीर स्वतंत्र खोली आधीच राखून ठेवावी. शुश्रूषेस एकच ठरावीक व्यक्ती असावी व तिने मुखपट्टी वापरावी. पातळ पदार्थ व विश्रांती द्यावी. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषध देऊ नये आणि ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये. श्वास जलद होणे, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, मुलाने पाणी न पिणे किंवा गुंगीत राहणे, ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

एकांतात पडलेल्या मुलास रोज एकदा आईवडिलांशी बोलता यावे. पालकांनीही सुट्टीवरून परत पाठविताना मुलाचा ताप गोळीने दडपू नये. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

कोविड-१९ ची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर झाले. पुढील साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु नोंदवही, उघडी खिडकी व राखीव खोली यांची तयारी आजच होऊ शकते. मुलाने निःशंकपणे "गुरुजी, मला बरे वाटत नाही" असे म्हणावे, एवढा विश्वास शाळेत नांदला, तर निम्मे काम झाले असे समजावे.