खोडून ठेवलेलं गाणं

श्रावण लागला की महाड औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच कामगारांच्या झोपेचं गणित बिघडतं. दुसरी पाळी सुटते, कंपनीची बस बिरवाडीला सोडते आणि माणूस घरी जायचा तो मंडळाच्या तालमीला जातो. गणपती तोंडावर आलेले असतात. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांपासून सावित्रीच्या काठच्या गावांपर्यंत जाखडीचं रिंगण धरायचं असतं. पायात चाळ बांधून नाचे गोल फिरणार, मधोमध ढोलकी, झांज आणि शाहीर. नाचाच्या पावलांचं एवढं काही नाही, ती दोन रात्रीत बसतात. खरा घोर असतो शाहिराला. ‘यंदा नवीन काय?’ हा प्रश्न त्याला चहाच्या टपरीवरसुद्धा सोडत नाही.

इथला शाहीर पोटासाठी गात नाही. दिवसा तो प्लांटवर हेल्पर असतो, एसटीत वाहक असतो, नाहीतर शाळेत गुरुजी. गण, गवळण, सवाल, जबाब असं सगळं कोरं करकरीत लिहायला त्याच्याकडे महिनाभराच्या अर्ध्यामुर्ध्या रात्री असतात. मग जुनी वही निघते. गाणी कशी लिहिली जातात यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, पण न गायलेल्या, अर्धवट टाकलेल्या, काट मारलेल्या ओळींचं पुढे काय होतं यावर फारसं कोणी बोलत नाही. या लेखाचा विषय तोच आहे, आणि सुरुवात या वहीपासूनच करायला हवी.

वही म्हणजे बहुधा कुठल्याशा कंपनीची जुनी डायरी. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे कुठल्या तरी सिनेगीताचं नाव. ही रीत जाखडीवाल्यांनी काढलेली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदावर चाल लिहिलेली सापडते. या एका शब्दावरून वहीचं वय कळतं. कुठल्या पानावर कुठला सिनेमा आहे ते बघा, पद कधी लिहिलं ते तारखेशिवाय समजतं. आणि एकाच पदावर दोन चाली लिहून पहिलीवर काट मारलेली असेल, तर समजावं की हे पद एकदा पडलं होतं आणि पुन्हा उभं केलं गेलं.

उभं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका ओळीपुरतं पाहू. गवळणीत ‘यमुनेच्या तीरी’ हे शब्द हमखास येतात. समजा शाहिराला जुन्या गवळणीतली यमुना काढून आपली सावित्री आणायची आहे. ‘सावित्रीच्या तीरी’ असं म्हणून पाहिलं की ढोलकीवाला मान हलवतो, ओळ लांबली. कारण साधं आहे. ‘यमुनेच्या’ या शब्दात सहा मात्रा, ‘सावित्रीच्या’ या शब्दात आठ. ‘सा’ मुळातच दीर्घ, आणि ‘त्री’ या जोडाक्षरामुळे आधीचा ‘वि’ही जड होतो, म्हणून दोन मात्रा वाढतात. मग ‘च्या’ उडवायचा. ‘सावित्री तीरी’, पुन्हा बरोबर दहा मात्रा, सम जागेवर. मात्रा शाहीर बोटांवर मोजत नाही, त्याचा कानच ते करतो. पण एवढ्याने भागत नाही. नदी बदलली की घागर घेऊन जाणारी बाई बदलते, तिची वाट बदलते, आणि तिसऱ्या कडव्यातलं कदंबाचं झाड खटकू लागतं. एका शब्दाच्या बदलापायी अख्खी गवळण नव्याने लिहावी लागते, आणि लिहिणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण जुनीच दुरुस्त करतोय.

जाखडीच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात आणखी एक प्रकार असतो, आणि मला तो सगळ्यांत गमतीचा वाटतो. शक्तीवाले म्हणजे कलगीवाले, ते मायेला, प्रकृतीला थोर मानतात. तुरेवाले शिवाला, पुरुषाला. दोघांचा झगडा पुराणातल्या कोड्यांवर चालतो. इथे काही सवाल मुद्दाम झाकून ठेवले जातात. समोरचा शाहीर कच्चा असेल तर चांगला सवाल खर्चायचा कशाला? तो वहीत राहतो, दरवर्षी थोडा घासला जातो, आणि एखाद्या वर्षी मुंबईत चाकरमान्यांसमोर जोडीला जोड भेटली की बाहेर पडतो. न गायलेलं गाणं म्हणजे फसलेलं गाणं, हा समज या मंडळींना ठाऊकच नाही.

बिरवाडीवरून पुढे वरंध घाटाच्या रोखाने गेलं की शिवथर घळ लागते. पावसाळ्यात धबधब्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला तो इथे, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. दासबोध हे गाणं नव्हे, मान्य. पण ओवी ही गळ्यावर चालणारी रचना आहे, आणि खर्ड्यातून ग्रंथ कसा वाढतो याचा मराठीतला इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा दिसत नाही. तोही वसाहतीच्या कुशीत.

आज आपण वाचतो तो दासबोध वीस दशकांचा, दोनशे समासांचा. पण त्याआधीचा एक छोटा दासबोध उपलब्ध आहे, एकवीस समासांचा. अभ्यासक त्याला ‘जुना दासबोध’ किंवा ‘एकवीस समासी’ म्हणतात. त्यातले कित्येक विषय मोठ्या ग्रंथात पुन्हा येतात, पण फैलावून, मोकळ्या हाताने. एवढंच नाही. मोठ्या दासबोधाच्या पोटातही एक जुना शिवणीचा दोरा राहिला आहे. सातव्या दशकाच्या दहाव्या समासात समर्थ चक्क ग्रंथ संपल्याचं सांगतात. निरोपाची भाषा होते, आणि पान उलटलं की आठवं दशक सुरू! म्हणजे कधीतरी हा ग्रंथ सात दशकांवर थांबला होता, असं मानायला जागा आहे. सहाव्या दशकाच्या चौथ्या समासात कलियुगाची ४७६० वर्षं गेल्याचा उल्लेख आहे, म्हणजे इ. स. १६५९. पुढे अकराव्या दशकात राजकारण येतं. पुढच्या दशकांतला बोलणारा माणूस पहिल्या सात दशकांत भेटलेल्यापेक्षा जास्त फिरलेला, जास्त माणसं पाहिलेला वाटतो.

समर्थांना तो सातव्या दशकातला समारोप काढून टाकता आला असता. त्यांनी तो ठेवला. का, ते सांगता येणार नाही. पण गाणाऱ्याची सवय पाहिली तर उत्तर अवघड नाही. जे एकदा लोकांच्या तोंडी बसलं, ते खोडून कागदावरून जातं, तोंडातून जात नाही.

आणि तरीही समर्थांचे खर्डे आपल्याला दिसत नाहीत, याचं कारणही त्यांच्याच ग्रंथात आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सुटं आणि ठसठशीत असावं, ओळी सरळ याव्यात, ग्रंथाच्या आरंभी जसं अक्षर तसंच शेवटी, कडेला कोरी जागा सोडावी म्हणजे कागद झडला तरी मजकूर वाचेल, अशा बारीक सूचना त्यात आहेत. शंकर देवांनी दासबोध छापला तो डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. ती स्वच्छ प्रत. आपण स्वच्छ प्रतीचे वारसदार आहोत. काट मारलेल्या ओळी मठात ठेवायची पद्धत नव्हती. म्हणून मराठी कवी एका बैठकीत, एका झपाट्यात लिहितो असा एक भाबडा समज आपल्याकडे पसरला, आणि कवींनीही तो खोडून काढायची घाई केली नाही.

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला गेलं की गोष्ट उलटी दिसते. हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगड घेताना ते पडले, आणि तुळशीदास शाहिराच्या नावावर असलेला पोवाडा गोंधळ्यांच्या तोंडून दोनशे वर्षं चालत राहिला. तो छापला गेला १८९१ साली, ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या पोवाड्यांच्या संग्रहात. (वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे ते हेच ॲकवर्थ.) इथे स्वच्छ प्रत नाहीच. प्रत्येक गोंधळ्याची आपली प्रत, आणि तीही गळ्यातली. सभासदाच्या बखरीत मावळे कडा चढतात ते वानरांसारखे. पोवाड्यात दोर लावलेली घोरपड येते. उपमेने भागत नाही, रात्रभर जागणाऱ्या श्रोत्याला प्राणी दिसायला हवा, हे कुठल्या तरी गाणाऱ्याला कळलं असावं. घोरपड कोणी घातली हे शोधायला जाऊ नये. पुढच्या गाणाऱ्याने ती काढली नाही, यातच तिचा निकाल लागला.

गीतरामायणाची हकिगत बहुतेकांना माहीत आहे, तरी इथे ती टाळता येत नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गीतांची ती मालिका सुरू झाली. गदिमांनी पहिलं गीत लिहून सुधीर फडक्यांकडे दिलं आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो कागद सापडेना, अशी आठवण श्रीधर फडक्यांनी सांगितली आहे. गदिमा चिडले, पुन्हा लिहायला तयार नव्हते. केंद्राचे सीताकांत लाड यांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, आणि पाव तासात गीत पुन्हा उतरलं. आपण ही गोष्ट प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगतो. मला तिच्यात दुसरंच दिसतं. हरवलेला कागद हा त्या गाण्याचा पहिला खर्डा होता, आणि दुसरा खर्डा आठवणीच्या चाळणीतून आला. जे शब्द चालीत पक्के रुतले होते तेच आठवले असणार. ढिले शब्द चिडलेल्या माणसाला पाव तासात आठवत नाहीत.

साता समुद्रापलीकडेही हेच. १९६८ साली बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले होते. तिथल्या एका प्रवचनावरून जॉन लेननने ‘चाइल्ड ऑफ नेचर’ हे गाणं रचलं. त्याचं कच्चं ध्वनिमुद्रण झालं, पण त्या वर्षीच्या अल्बममध्ये ते आलं नाही. तीन वर्षांनी तीच चाल घेऊन, ऋषिकेश पुसून, त्याने मत्सरी नवऱ्याची कबुली लिहिली. ते ‘जेलस गाय’, १९७१ च्या ‘इमॅजिन’ अल्बममधलं. बिरवाडीच्या शाहिराला यात नवल वाटायचं कारण नाही. चाल चांगली होती, शब्दांना वेळ लागला.

चाल राहते आणि शब्द फिरतात, हे महाडात तर इतिहासानेच करून दाखवलं आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच मनुस्मृती जाळली. पुढच्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा उचलला, आणि त्यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं याचा हिशेब मांडला. ढोलकी ठेवली, सवाल-जबाब ठेवले. १९५६ च्या धर्मांतरानंतर तर गणपतीला घातलेला गण चालणारच नव्हता. त्याच जागी, पुष्कळदा त्याच चालीवर, बुद्धाला आणि भीमरायाला वंदन आलं. शब्दांची डागडुजी म्हणावी एवढा हा बदल लहान नाही. ज्याच्यासमोर गायचं तो माणूस बदलला होता, आणि तो आता जुनं कडवं ऐकून घेणार नव्हता.

याच चळवळीचे गीतकार वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे. मोठेपणी मुंबईच्या चाळीत अक्षरओळख झाली, १९४३ साली एका हिंदी सिनेगीताचं विडंबन करून ते गीतकार झाले, आणि मग हजारो गीतं. सिनेमाच्या चालीवर लिहितात म्हणून त्यांना नाकं मुरडणारे कमी नव्हते. हे नाक मुरडणं मला कधी पटलं नाही. चाल श्रोत्याला आधीच पाठ असते, म्हणून पहिल्यांदा ऐकलेलं गाणंही तो दुसऱ्या कडव्यापासून सोबत म्हणू शकतो. सभेत याचं मोल फार. शिवाय चाल डोक्यात ठेवून लिहिलेलं गीत कागद हरवला तरी पुन्हा उभं राहतं.

चालीवर शब्द घालण्याऐवजी ते गाळण्याचं, नेमकं उलट काम सरकारनेही एकदा केलं आहे. राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळ्यांचा. २०२३ साली ते राज्यगीत झालं, पण शाळा-कार्यक्रमांत म्हणायला सुटसुटीत व्हावं म्हणून त्यातली दोनच कडवी घेतली. गाळलेलं कडवं आता वहीत गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि वह्या? महाड पुराचं गाव आहे. जुलै २०२१ मध्ये पाणी पहिल्या मजल्याला टेकलं, तेव्हा लोकांनी गहू-तांदूळ वाचवायचे की डायऱ्या? धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची बाडं सांभाळली गेली, ती शंकर देवांसारख्या एका माणसाच्या ध्यासामुळे. जाखडीच्या वह्यांना असा कोणी भेटलेला नाही.

आता खर्डा फोनमध्ये असतो. पाळीवर जाताना बसमध्ये गुणगुणलेली ओळ आवाजात टिपून मंडळाच्या ग्रुपवर टाकायची, ढोलकीवाल्याने तिथेच ‘अर्धी मात्रा जास्त’ म्हणून परत पाठवायची. सोय झाली आहे. पण प्रत्येक सामना यूट्यूबवर चढतो, त्यामुळे झाकून ठेवलेला सवाल एका रात्रीत सगळ्या कोकणाला पाठ होतो. शेवटच्या कडव्यातल्या शाहिराच्या आणि गुरूच्या नावावरूनही कटकटी वाढल्या आहेत. गुरूची जुनी वही शिष्याने चालवली तर नाव कोणाचं घालायचं, हे पूर्वी दोघांत मिटायचं. आता जुनं ध्वनिमुद्रण लावून तिसराच माणूस पुरावा देतो. तुरेवाले मागच्या वर्षीचा जबाब वाजवून दाखवतात आणि विचारतात, ‘शाहीर, तेव्हा तुम्ही दुसरंच म्हणाला होतात.’ यावरचं उत्तर मात्र चालीत बसवून, तिथल्या तिथे द्यावं लागतं.