वाचणार नाही त्याच्याही उशाशी डॉक्टर हवा

आपल्या वस्तीतला आजारी माणूस मध्यरात्री घाबराघुबरा झाला की त्याला कुठे नेतात? अकोल्यात सर्वोपचारला, अमरावतीत इर्विनला. अपघात विभागात त्या वेळी भेटतो तो पंचविशीतला शिकाऊ डॉक्टर. साडेपाच वर्षांत त्याला शिकवलेले असते जीव वाचवायला. समोर मात्र खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर झालेला, मोठ्या दवाखान्याने ‘आता घरी न्या’ म्हणून परत पाठवलेला माणूस असतो. दुखणे सोसवत नाही, धाप लागलेली. डॉक्टर गोंधळतो, सलाईन लावतो, नाहीतर ‘नागपूरला न्या’ असे लिहून देतो. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर! रोजमजुरीच्या घराने त्यासाठी कर्ज काढायचे आणि बापाने वाटेतच प्राण सोडायचा, हे थांबले पाहिजे.

बरे न होणाऱ्याचा त्रास कमी करण्याच्या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. डॉक्टरकीच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात मरणपंथाला लागलेल्या रुग्णाची वेदना आणि नातेवाइकांशी बोलणे हे दोन्ही विषय आले. पण पुस्तकात आले म्हणजे हातात आले असे नव्हे. अकोल्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ चे, अमरावतीचे २०२४ चे. तिथल्या मुलामुलींना हे खाटेजवळ उभे करूनच शिकवावे लागेल.

पहिला धडा मॉर्फिनचा. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने हे स्वस्त औषध दुर्मिळ करून टाकले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, तरी लिहिताना हात कापतोच. बेताच्या मात्रेने सुरू करून वाढवत नेले तर ते मरण लवकर आणत नाही. थोड्या मात्रेने धापही कमी होते. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध द्यायचे.

दुसरा धडा बोलण्याचा, आणि तोच अवघड. दारात उभ्याउभ्या ‘काही खरं नाही’ म्हणून निघून जायचे नाही. बसायचे, घरच्यांना काय ठाऊक आहे ते आधी विचारायचे, मग साध्या मराठीत खरे सांगायचे, आणि आई रडू लागली तर गप्प बसून राहायचे. यासाठी एकाने डॉक्टर, दुसऱ्याने रुग्णाची आई होऊन सराव करतात. नाटक वाटेल, पण अंगात मुरते ते असेच.

आता आपल्या मनातली शंका. गरिबाला उपचार नाकारायची ही नवी सबब तर नाही? शंका रास्त आहे, अनुभवातून आली आहे. म्हणूनच फरक ओळखणे हा प्रशिक्षणाचा गाभा हवा. फवारणीचे विष अंगात भिनलेला जवान पोरगा किंवा सर्पदंश झालेली बाई, यांच्यासाठी शेवटपर्यंत झुंजायचे. कॅन्सरच्या रुग्णालाही न्यूमोनिया झाला तर औषध द्यायचेच. छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न कुणावर करू नये, याचे मार्गदर्शन आयसीएमआरने २०२० मध्ये दिले. त्यातही रुग्णाशी वा घरच्यांशी बोलणे आलेच. यंत्रे काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ आणि २०२३ चे आदेश आहेत. एकट्या शिकाऊ डॉक्टरने रात्री परस्पर ठरवण्याची ती बाब नव्हे.

घरी असा रुग्ण असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत दाराजवळ ठेवा. डॉक्टरांना न घाबरता विचारा : हा इलाज बरे होण्यासाठी आहे की त्रास कमी होण्यासाठी? नागपूरला नेऊन इथल्यापेक्षा वेगळे काय होईल?